बर्फातला पाळणा

तान्हे मूल घरात आले की घरातले घड्याळ बदलते. भिंतीवरचे घड्याळ टिकटिक करीतच असते. पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. बाळ जागे झाले की सकाळ आणि बाळ निजले की रात्र, असा नवा नियम सुरू होतो. मोठी माणसे मांजराच्या पावलांनी चालू लागतात. दारे आवाज न करता लागतात. एरवी खणखणीत बोलणारे आजोबाही कुजबुजू लागतात. हातभर लांबीचा हा पाहुणा साऱ्या घरावर राज्य करतो आणि नवल असे की, त्याच्या जुलमाविरुद्ध कोणाचीच तक्रार नसते.

राजा झाला तरी त्याला परिवार हवाच. महाराष्ट्रातल्या घरांत हा परिवार न बोलावता गोळा होतो. आजी वाटीत तेल कोमट करते. न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून पाटावर बसते आणि बाळाला पायांवर पालथे घेऊन ऊन ऊन पाणी घालते. शेजारची काकू अळिवाचे लाडू घेऊन येते. मावशी बाळंतविडा आणते. त्यात झबली, टोपडी, दुपटी असतात. बाळाच्या आईने एक हाक मारावी आणि चौघांनी ओ द्यावी, असा तो थाट असतो. परंतु हेच बाळ आजीच्या घरापासून हजारो मैल दूर जन्माला आले, तर त्याच्या पाळण्याची दोरी कोणी ओढायची?

हेलसिंकी ही फिनलंड देशाची राजधानी. युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठी हे शहर वसले आहे. तेथे एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक मराठी जोडपे राहत होते. दोघेही नोकरीनिमित्त तेथे गेलेली. ऑगस्ट महिन्यात त्यांच्या घरी मुलगी जन्मली. तिचे खरे नाव पुढे ठेवले गेले. पण पहिल्या दिवसापासून ती सर्वांची छकुली झाली. छकुलीची आजी कृष्णाकाठच्या वाईची. बाळंतपणासाठी तिने जाण्याची सारी तयारी केली होती. परंतु ऐन वेळी आजोबा पाय घसरून पडले, त्यांचे हाड मोडले आणि आजीला घर सोडता येईना. तिने आपल्या जुन्या मऊ लुगड्यांची एक गोधडी शिवली आणि तिकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या मुलाबरोबर ती पाठवून दिली. स्वतः मात्र ती वाईतच राहिली.

गोधडी पोहोचण्यापूर्वीच त्या घरी आणखी एक वस्तू आली होती. ती एक मोठी पुठ्ठ्याची पेटी होती. पेटीत बाळाचे कपडे, टोपडी, मोजे, निजायची पिशवी, बर्फात घालायचा जाड पोशाख आणि तळाशी एक लहानशी गादी होती. कपडे काढून घेतले की, ती गादी पेटीतच अंथरावी आणि बाळाला तीत निजवावे, अशी सोय! छकुलीच्या आईने पेटी उघडली आणि तिला हसू आले. हा तर सरकारने धाडलेला बाळंतविडाच होता.

या पेटीमागे एक गंभीर इतिहास आहे. १९३० नंतरच्या काही वर्षांत फिनलंड हा गरीब देश होता. जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे ६५ मुले पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत. तेव्हा १९३८ साली गरीब मातांना अशी मदत देण्यास सरकारने प्रारंभ केला आणि १९४९ पासून ती सर्वच मातांसाठी खुली झाली. मात्र त्यासाठी एक अट होती. गरोदर स्त्रीने वेळेवर आरोग्यकेंद्रात जाऊन आपली तपासणी करून घेतली पाहिजे. पेटीच्या निमित्ताने आई केंद्रात येई, दाई आणि डॉक्टर तिला पाहत आणि येणाऱ्या संकटाची चाहूल आधीच लागे. पुढे देशाची स्थिती सुधारली, औषधोपचार सुधारले. आता तेथे हजारी मृत्यूंचे प्रमाण दोनच्या आसपास आले आहे. हे सारे यश एका पेटीचे नव्हे. परंतु प्रत्येक बाळाची चिंता साऱ्या देशाने वाहावी, हा विचार त्या पेटीत नीट घडी घालून ठेवलेला असतो.

बाराव्या दिवशी छकुलीचे बारसे झाले. हेलसिंकीत सकाळचे दहा वाजले होते, तेव्हा वाईत दुपारचे साडेबारा झाले होते. पेटीभोवती फुलांची माळ लावून तिचाच पाळणा केला होता. आत्या पुण्यात, आजी वाईत आणि बाळ फिनलंडमध्ये! बाबांनी दूरध्वनीचा पडदा बाळाच्या कानाजवळ नेला आणि आत्याने तिकडून ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितले. तो आवाज ऐकून छकुलीने एक मोठी जांभई दिली. तीच तिची संमती, असे सर्वांनी ठरवले. फिनलंडमध्येही नामकरणाच्या समारंभापर्यंत बाळाचे नाव गुप्त ठेवण्याची रीत आहे, हे जेव्हा आजीला कळले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे माणसं काही अगदीच परकी नाहीत हो!”

बारसे झाले, पण रोजच्या न्हाणीचे काय? तेल कसे लावायचे, मान कशी धरायची, हे आजी पडद्यावरून सांगे आणि बाबा बाह्या सरसावून न्हाऊ घालणाऱ्या बाईचे काम करीत. त्या देशात २०२२ च्या ऑगस्टपासून आई आणि वडील या दोघांनाही बाळासाठी प्रत्येकी १६० दिवसांचा रजेचा भत्ता मिळतो. त्यामुळे बाबाही घरी होते. पहिल्या दिवशी त्यांच्या कपाळावरून बाळाच्या अंगावरच्या पाण्यापेक्षाही अधिक घाम वाहत होता. आठ दिवसांत मात्र त्यांचा हात बसला.

एके दिवशी आईला वाटले, न्हाणे झाले, आता धुरीही द्यावी. वाईहून आणलेल्या लहानशा धुपाटण्यात तिने कोळशाची वडी पेटवली आणि तीवर चिमूटभर ओवा टाकला. पांढऱ्या धुराची एक रेघ छताकडे गेली. दुसऱ्याच क्षणी छतावर बसवलेले धूरसूचक यंत्र किंचाळू लागले. बाळ दचकून रडू लागले. बाबा पंचा घेऊन यंत्राला वारा घालू लागले. तेवढ्यात दारावर धपाधप थापा पडल्या. दारात शेजारच्या घरातली सत्तर-पंचाहत्तर वर्षांची वृद्धा उभी होती आणि तिच्या हातात पाण्याची बादली होती!

आग नव्हे, आंघोळ आहे, हे तिला समजावून सांगता सांगता आईची पुरेवाट झाली. पण समजले तेव्हा ती वृद्धा खो खो हसली. मग खुर्ची ओढून बसली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली. पूर्वी त्यांच्या खेड्यापाड्यांत स्त्रिया साउनात बाळंत होत. साउना म्हणजे लाकडी न्हाणीघर. तेथे भट्टीवर दगड तापवतात आणि त्यांवर पाणी शिंपडून वाफ करतात. घरातली ती सर्वांत उबदार आणि स्वच्छ जागा. ऊन पाणीही हाताशी. म्हणून बाळाचा जन्म तेथेच होई. हे ऐकता ऐकता आईला वाईच्या घरातली बाळंतिणीची खोली आठवली. त्या खोलीतही अशीच ऊब असे. त्या दिवसापासून वृद्धेचे येणे-जाणे सुरू झाले. फिनिश भाषेत आजीला ‘मुम्मो’ म्हणतात. ती छकुलीची मुम्मो झाली.

बाळांच्या तपासणीसाठी त्या देशात गावोगावी केंद्रे आहेत. त्यांना ‘नेउवोला’ म्हणतात. म्हणजे सल्ला मिळण्याची जागा. आर्वो युल्प्पो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९२२ साली हेलसिंकीत असे पहिले केंद्र सुरू केले आणि १९४४ च्या कायद्याने ती सर्वत्र उघडली गेली. तेथे पैसे पडत नाहीत. पहिल्या वर्षात किमान नऊ वेळा बाळाची तपासणी होते. परिचारिका बाळाचे वजन करते, उंची मोजते, डोक्याचा घेर मोजते आणि वाढीची रेघ कागदावर पुढे सरकवते. छकुलीच्या आईने तिला धुरीची हकीकत सांगितली. परिचारिका हसली नाही. ती म्हणाली, “तेलाचे मर्दन खुशाल करा, हात हलका ठेवा, त्याने बाळ सुखावते. नाकाकानांत मात्र तेल घालू नका. आणि धूर नकोच. इवल्याशा फुप्फुसांना तो सोसत नाही.” आईने धुपाटणे उचलून फळीवर ठेवले आणि तेलाची वाटी खाली घेतली. जुन्यातले काय राखावे आणि काय सोडावे, हा निवाडा असा एकेका वस्तूपाशी थांबून करावा लागतो.

त्याच भेटीत आईने आणखी एक प्रश्न विचारला. तो प्रश्न तिचा नव्हता, आजीचा होता. आदल्या रात्री पडद्यावर नातीकडे पाहता पाहता आजी एकदम म्हणाली होती, “पोरी, ही मोठी झाली की शाळेत तिकडची भाषा शिकेल, मैत्रिणींशी तीच बोलेल. मग माझ्याशी ती कोणत्या भाषेत बोलणार गं?” आईला उत्तर सुचले नव्हते. परिचारिकेने मात्र क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, की घरात आईबाबांनी आपल्या मातृभाषेतच बोलावे. ज्या भाषेत आपण हसतो आणि रागावतो, तीच बाळाला मनापासून देता येते. त्या पायावर मूल दुसरी भाषाही घट्ट उभी करते. तेव्हापासून छकुलीच्या घरी भाजी चिरताना, कपडे घडी करताना, खिडकीबाहेर पाहताना मराठीचा अखंड पाठ सुरू झाला. “ही बघ खार! खार म्हणजे काय? खार म्हणजे झाडावरची पाहुणी!” छकुली गंभीरपणे सारे ऐकून घेई.

ऑक्टोबर सरला आणि अंधार वाढू लागला. डिसेंबरच्या अखेरीस हेलसिंकीतला दिवस सहा तासही पुरता भरत नाही. सकाळी नऊ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, आळसावल्यासारखा क्षितिजालगत थोडासा चालतो आणि तीन वाजून गेले की मावळतो. महाराष्ट्रात तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसतात. तेथे त्या दिवसांत कोवळे काय आणि निबर काय, ऊनच नसते. म्हणून बाळाला रोज ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब द्यावे लागतात. बाबांची रजा संपली होती. ते कामावर गेले की घरात आई आणि छकुली अशा दोघीच उरत. खिडकीबाहेर राखाडी आकाश आणि मुका बर्फ. दारावर कोणी थाप मारीत नसे, अंगणातून कोणी हाक देत नसे. अशा एका दुपारी छकुली कशानेच उगी राहीना. तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालता घालता आईच्याही डोळ्यांना धार लागली. माणसाला भूक लागते तशी माणसांचीही भूक लागते. ती पडद्यावरच्या चेहऱ्यांनी पुरती भागत नाही.

भिंतीपलीकडे मुम्मोने ते रडणे ऐकले. ती आली, तिने काही विचारले नाही. तिने छकुलीला लोकरीचे कपडे चढवले, त्यांवर जाड पोशाख घातला, बाबागाडीत आजीची गोधडी घडी करून अंथरली, बाळाला निजायच्या पिशवीत गुंडाळून तीवर ठेवले आणि गाडी सरळ सज्जात नेऊन उभी केली. बाहेर पारा शून्याखाली पाच अंशांवर होता! आई घाबरी झाली. पण पाच मिनिटांत छकुली गाढ झोपली. तिच्या गालांवर डाळिंबी रंग चढला आणि नाकाच्या शेंड्यावर बर्फाचे एक फूल येऊन विरघळले. फिनलंडमध्ये बाळांना असे मोकळ्या हवेत निजवण्याची जुनी रीत आहे. उणे दहा अंशांखाली पारा उतरला, तर मात्र तान्ह्यांना बाहेर ठेवू नये असे सांगतात. बाळाच्या मानेमागे हात लावून ऊब पाहायची आणि मधून मधून डोकावत राहायचे, एवढी दक्षता घ्यावी लागते.

हे दृश्य आजीने पडद्यावर पाहिले मात्र, तिचा आवाज चढला. “अगं बाई! लेकराला बर्फात निजवलंत? उचल आधी तिला!”

“आई, घरात ती अर्धा तास झोपत नाही, इथे दोन तास झोपली आहे. शिवाय तुझी गोधडी आहे ना खाली!”

आजी क्षणभर गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “गोधडी आहे होय? मग राहू दे.”

मुम्मोने आईला आणखी एक वाट दाखवली. हेलसिंकीच्या मध्यभागी ‘ओडी’ नावाचे मोठे ग्रंथालय आहे. ते २०१८ च्या डिसेंबरमध्ये उघडले. त्याच्या वरच्या मजल्यावर मुलांचा विभाग आहे. तेथे बाबागाड्यांची रांग लागलेली असते आणि पुस्तके अजून वाचण्यापेक्षा चघळण्याच्या वयाची मंडळीही जमिनीवर रांगत असतात. तेथे आईला कोणी सोमालियाची, कोणी व्हिएतनामची, कोणी फिनलंडचीच आई भेटली. सगळ्यांच्या डोळ्यांत अपुरी झोप होती आणि सगळ्यांच्या खांद्यावर दुधाचे डाग होते. ओळख व्हायला एवढे पुरेसे झाले.

जानेवारीत संक्रांत आली. छकुलीचे पहिले बोरन्हाण! वाईहून हलव्याचे दागिने आले, आईने काळे झबले शिवले. हेलसिंकीत बोरे मिळाली नाहीत. त्यांची जागा बेदाण्यांनी घेतली. चुरमुरे एका भारतीय दुकानात सापडले. मुम्मो आपल्या नातवंडांना घेऊन आली, ग्रंथालयातल्या मैत्रिणीही आल्या. छकुलीच्या डोक्यावरून चुरमुऱ्यांचा पाऊस पडला आणि मुलांनी खाऊ वेचण्यासाठी एकच गर्दी केली. वेचायला भाषा लागत नाही. आईने सर्वांना तिळगूळ दिला आणि हा सण सूर्याच्या उत्तरेकडच्या प्रवासाचा, दिवस मोठा होत जाण्याचा असे सांगितले. मुम्मोने खिडकीकडे बोट दाखवले. दुपारचे साडेतीन वाजून गेले होते आणि आकाशात अजून उजेड होता. दिवस वाढू लागल्याचा आनंद काय असतो, हे त्या वृद्धेला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

जूनमध्ये आजोबा काठी न घेता चालू लागले आणि आजी हेलसिंकीला आली. विमानतळावर छकुलीने तिच्याकडे पाहिले आणि ती चटकन तिच्याकडे झेपावली. कारण पडद्यावरचा तो चेहरा आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता. आजीला काही सुचेना. ती नुसतीच तिचे पाय कुरवाळीत राहिली. पुढे आजीची एकच तक्रार उरली. रात्री पावणेअकराच्या सुमारास सूर्य मावळतो, अशा ठिकाणी ‘चिऊ-काऊ झोपले’ असे बाळाला कोणत्या तोंडाने सांगावे?

आजी आणि मुम्मो यांची गट्टी हे एक नवलच होते. एकीला फिनिश येत नव्हते, दुसरीला मराठी. तरी दोघी सज्जात शेजारी शेजारी बसत. एक गोधडीला टाके घाली, दुसरी लोकरीचे मोजे विणी. मध्येच एकमेकींचे काम हातात घेऊन पाहत आणि मान डोलवीत.

एके दिवशी आई बाजारातून परत आली. छकुली दोघींच्या मध्ये बसली होती. आईला पाहताच तिने हात पसरले आणि स्पष्ट उच्चार केला, “आई!”

“आई म्हणाली! मराठीत बोलली माझी नात!” आजीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

मुम्मोही टाळ्या वाजवू लागली. कारण फिनिश भाषेत आईला ‘ॲइति’ म्हणतात आणि बाळाने आपल्या भाषेतलाच शब्द अर्धा उच्चारला, अशी तिची खात्री झाली होती. दोघींनी आपापल्या परीने आईला ती बातमी सांगितली. आईने दोघींचेही म्हणणे ऐकून घेतले आणि कोणाचेच खोडून काढले नाही.

ऑगस्टमध्ये छकुलीचा पहिला वाढदिवस करून आजी परत निघाली. तोवर ती पुठ्ठ्याची पेटी छकुलीला लहान झाली होती. तीत आता आखूड झालेली झबली, मुम्मोने विणलेले पहिले मोजे आणि हलव्याच्या दागिन्यांचा धागा एकत्र ठेवला होता. नवी गोधडी आजीने मुम्मोच्या हाती दिली आणि मुम्मोचे लोकरीचे मोजे तिने आपल्या सामानात अगदी वर ठेवले. वाईच्या थंडीत त्यांची फारशी गरज नव्हती, हे तिलाही ठाऊक होते.

घर सोडून दूर गेलेल्या माणसाला पाळणा कोठेही बांधता येतो. लाकडी आढ्याला, पुठ्ठ्याच्या पेटीत, नाही तर बर्फातल्या सज्जात. बाळाला त्याची पर्वा नसते. त्याला हवे असतात ते दोरी ओढणारे हात. ते हात रक्ताच्या नात्याचे असतात, तसे भिंतीपलीकडचेही असतात. मात्र भिंतीपलीकडचे हात आपल्यापर्यंत पोहोचावेत, यासाठी कोणी थाप मारली की दार उघडावे लागते.